हुकाच्या पुढचं काम

घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरून आत वळलं की गॅरेजांची एक गल्ली लागते. तिथला शेवटून दुसरा गाळा सहदेवकाकांचा. गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस किती कटकट्या असू शकतो हे ज्याला बघायचं असेल त्याने तिथे जावं. गिऱ्हाइकाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. काम चालू असताना मोबाइलवर बोलायचं नाही. "जरा लवकर करा" तर अजिबात म्हणायचं नाही. म्हणालात तर ते हातातली पक्कड खाली ठेवतात, पेजेचा डबा उघडतात आणि तुमचं काम उद्यावर जातं. मी वीस वर्षांत तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पुन्हा हेलपाटा घातला. मीही काही गरीब गाय नाही, पण त्यांच्यापुढे माझं चाललं नाही.

मी शुभा. माझ्या वडिलांचा मुलुंडला जनरेटर भाड्याने देण्याचा धंदा होता, तो आता मी चालवते. शूटिंग असो, लग्नाचा हॉल असो, डोंगरावरच्या वस्तीतलं आरोग्य शिबिर असो, आमचा जनरेटर चाकांच्या ट्रॉलीवर बसतो आणि पिकअपच्या मागच्या हुकाला अडकून जातो. जनरेटरसकट ट्रॉली दीड टनाची. मी पाहिलेल्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. पुढची गाडी थांबली की मागचीने थांबायचं, सगळा देवाच्या भरवशावरचा कारभार. उतारावर देव दुसरीकडे बघत असला तर संपलंच.

म्हणून आम्ही सहदेवकाकांकडे जायचो. ते ट्रॉलीच्या चाकांत विजेवर चालणारा ब्रेक बसवायचे. ड्रायव्हरने पेडल दाबलं की पेडलच्या वर जी वायर आहे तिच्यात करंट येतो. तिथून तो डॅशबोर्डखालच्या एका डबीत, डबीतून हुकाजवळच्या सॉकेटात, सॉकेटातून ट्रॉलीत. मागचे लाल दिवे लागतात आणि चाकांतले चुंबक गुंऽ करून चाक धरतात. एवढंच. पण पेडलजवळचा जोड नसेल तर पुढचं सगळं काम शोभेचं.

काका मूळचे मालवणच्या बाजूचे. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा काका सोळा वर्षांचे होते. एका वायरमनच्या हाताखाली लागले आणि त्याच कामात म्हातारे झाले. त्यांच्याकडे हाताखालचा माणूस महिनाभर टिकला तर गल्लीत नवल व्हायचं. असाच एक जण पळाला त्या दिवशी त्यांची बायको जानकीकाकी डबा घेऊन आली होती. काका ट्रॉलीच्या मागे बसलेले. तिथूनच ओरडले, "डबो ठेव आणि सीटवर बस. दाब म्हटलंय की दाब." काकी बसली, ती पुढची बावीस वर्षं बसली.

तेव्हापासून दोघांची वाटणी ठरून गेली. हुकाच्या मागचं काम काकांचं, पुढचं काकीचं. काकांचे पंजे सुपाएवढे, डॅशबोर्डखाली शिरायचेच नाहीत. काकी चणीने लहान, हात तर पोरीसारखे. पेडल दाबून कुठल्या वायरीत करंट येतो ते ती हुडकायची, तिथे जोड मारायची, वर टेप गुंडाळायची. काकांनी तो जोड कधी बघितलाही नाही. मग मागून हाक यायची, "जानक्या, दाब!" आतून उत्तर, "दाबलंय!" "सोड!" "सोडलंय!" गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरलं तरी ऐकू यायचं आणि काका आज गाळ्यावर आहेत हे कळायचं.

पाय पोचायला हवेत म्हणून काकी सीट अगदी पुढे ओढून घ्यायची आणि परत मागे करायला विसरायची. ड्रायव्हर आत बसले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे आणि ते तिच्या नावाने बोटं मोडायचे. तिच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा फुगलेल्या असायच्या. संध्याकाळी गाळ्याच्या पायरीवर बसून ती त्या दोन्ही हातांनी चेपायची. एकदा मला म्हणाली होती, "मेल्यावर पयला काम काय करतलंय सांगू? पाय लांब करून झोपतलंय. कोणी हाक मारल्यान तरी उठूचंय नाय."

गेल्या वर्षी गणपती गेले आणि आठवड्याभरात काकी गेली. झोपेतच. मी भेटायला गेले तेव्हा काका भिंतीला टेकून बसले होते. त्यांची मुलगी रुचिरा विलेपार्ल्याला असते, ती सगळं बघत होती. पंधरा दिवसांनी गाळा पुन्हा उघडला हे ऐकून मला बरं वाटलं.

मार्चमध्ये मी नवीन ट्रॉली घेतली आणि पिकअपसकट त्यांच्याकडे सोडली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी आणायला गेले. उन्हाने गल्ली नुसती भाजत होती. पिकअप आणि ट्रॉली गाळ्याबाहेर गल्लीतच, भिंतीला चिकटून लावलेली, काका ट्रॉलीच्या मागे पाटावर बसलेले. मी नेहमीच्या शिस्तीने उंबऱ्याबाहेर उभी राहिले. त्यांनी मान वर न करता हाक दिली, "दाब." लाल दिवे लागले. चाकांतून गुंऽ आवाज आला. "सोड." दिवे गेले. पुन्हा "दाब," पुन्हा लागले. आवाज चढवलेला नव्हता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसे ते बोलत होते.

पिकअपच्या काचेवर ऊन चमकत होतं, आतलं दिसत नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, कोणीतरी माणूस मिळाला. किल्ली घेऊन मी दार उघडलं तर आत कोणीच नव्हतं. पलीकडचं दार तर भिंतीला लागून होतं, तिकडून उतरायला जागाच नव्हती.

"काका, आत कोण होतं?"

"कोण असणार?" ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कोकणातल्या घरात जन्मून हे म्हणायला छाती लागते, पण नाही ठेवत. रिमोटबिमोट काही काढला असेल म्हातारबुवांनी, असं म्हणून मी सीटवर बसले, तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट मागे केली आणि मुलुंडला निघाले.

आमची पिकअप धोंडिराम चालवतो. सहा फुटांचा गडी, घाटावरचा, बोलायला कमी. ब्रेकचं त्याने पहिल्याच आठवड्यात कौतुक केलं. "ताई, ट्रॉली मागं हाय का न्हाई तेच कळत न्हाई." मग हळूहळू त्याचं कौतुक आटत गेलं. रोज सकाळी सीट पुढे आलेली असते, म्हणाला. मी म्हटलं, सीट सरकते ती खालची रेल ढिली झाली असेल. त्याने रेल बदलून घेतली. सीट येतच राहिली.

मे महिन्यात असल्फ्याच्या डोंगरावर शिबिर होतं. धोंडिराम तिथून ट्रॉली घेऊन उतरला, यार्डात गाडी लावली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"मी न्हाई चालवणार आता ही गाडी."

"काय झालं?"

तो म्हणाला, "वळणाच्या पलीकडून पाण्याचा टँकर येत व्हता. मला दिसला नव्हता. आपली शप्पत, पेडलवर पाय न्हवता माझा. गाडी आधीच थांबली. मग टँकर दिसला."

"मग वाचलास ना? रडतोस कशाला?"

"ऐका तर. उकडत व्हतं म्हणून चप्पल काढली व्हती. गाडी थांबल्यावर पाय पेडलवर ठेवला. ताई, पेडलवर आधीच एक पाय व्हता. गार. माझ्या अंगठ्याला जोडवी टोचली."

धोंडिराम पिणारा असता तर मी त्याला हाकललं असतं. तो माळकरी आहे. मी चिडून उठले, मोबाइलचा टॉर्च लावला आणि त्याला म्हटलं, चल, दाखवते तुला तुझं भूत. पिकअपचं दार उघडून मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं. धोंडिरामला ट्रॉलीच्या मागे उभं केलं.

डबी नीट बसवलेली होती. तिच्यातून निघालेली निळी वायर पेडलच्या दिशेने वर गेली होती. मी बोटाने तिचा माग काढत गेले आणि वायर संपली. तिचं टोक वीतभर लोंबत होतं, त्याच्यावर काळी टेप गुंडाळलेली. पेडलच्या वायरीला जोड नव्हताच. जोड कधी मारलाच नव्हता. तिकडच्या वायरीचं वरचं कव्हर सोललेलंसुद्धा नव्हतं. म्हणजे दोन महिने दीड टनाची ट्रॉली ब्रेकशिवाय मुंबईभर फिरत होती.

ते टोक मी हातात धरलं होतं. सीट रिकामी होती. माझं तोंड पेडलपासून हातभर अंतरावर. आणि पेडल खाली गेलं. झटका नाही, काही नाही, सवयीच्या पायाने दाबावं तसं बोटभर खाली गेलं आणि तिथेच राहिलं. पेडलच्या रबरावर धूळ होती, तिच्यात लहानशा चवड्याचा ठसा उमटला.

मागून धोंडिराम म्हणाला, "लागले दिवे, ताई. लाल दिसत्यात."

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. यार्डात ऊन होतं, पलीकडे कोणीतरी टायर ठोकत होतं, आणि मी पिकअपकडे पाठ करायची हिंमत होईना म्हणून तिच्याकडे तोंड करून उभी होते. थोडी सावरल्यावर भीतीच्या जागी राग आला. टॅक्सी करून मी तशीच घाटकोपरला गेले आणि वीस वर्षांत पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत शिरले.

"काका, पेडलचा जोड कोणी मारला?"

ते पेज खात होते. चमचा थांबला. "तो जोड जानकीचा."

"काकीला जाऊन आठ महिने झाले."

त्यांनी डबा बाजूला सारला.

"पहिल्या गाडीला विसरलो गो," ते म्हणाले. "बावीस वर्षांत तो जोड मी एकदा मारला असेन तर शपथ. हात तिकडे जातच नाही. मागचं सगळं करून पाटावर बसलो आणि सवयीने हाक मारली, जानक्या, दाब. शब्द तोंडातून गेला तेव्हा आठवलं की ती नाही. माझ्या छातीत असं झालं... आणि तेवढ्यात दिवे लागले."

"आणि दुसऱ्या गाडीला?"

"दुसऱ्या गाडीला आठवण होती."

म्हणजे ठाऊक असून. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. लोकांच्या जिवाशी खेळलात, धोंडिरामला दोन पोरी आहेत, काय काय बोलायचं होतं. पण त्यांनी हात वर केला.

"दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. रुचिराने बोलून बघितलं. भावजींनी बोलून बघितलं, घराचं करू, पोरीचं करू. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, पण एक खाली उतरेना. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले. तेव्हा मी पुढे झालो आणि म्हटलं, जानक्या, टेस्टिंगला तुझ्या सीटवर मी दुसऱ्या कोणाला बसवणार नाही. शब्द पुरा व्हायच्या आधी कावळा उतरला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मेलेल्या माणसाला दिलेला शब्द आहे, शुभा. मी कसा मोडू? आणि मला मोडायचा नव्हता. खरं सांगतो, नव्हता मोडायचा. दिवसभर मी रात्र व्हायची वाट नाही बघत, टेस्टिंगची वाट बघतो. मी हाक मारतो आणि ती ओ देते. अजून काय पाहिजे माणसाला?"

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मी पायरीवर बसले. ज्या पायरीवर काकी पिंढऱ्या चेपायची तीच ती. आणि बसल्याबसल्या मला ते सुचलं.

"काका, काकी गेल्यावर किती गाड्या केल्यात?"

त्यांनी बोटं मोजली. "तुझी धरून अकरा."

"अकराही गाड्यांना जोड नाही?"

"नाही."

"आणि अकराही गाड्या ब्रेक मारतायत."

"कोणाची तक्रार नाही," ते थोड्या अभिमानानेच म्हणाले.

"मग आत्ता, या मिनिटाला, त्या अकरा गाड्यांत पेडलवर कोण बसलंय?"

त्यांनी पुन्हा बोटं मोजायला घेतली आणि अर्ध्यात थांबले.

"माझी पिकअप सोळा सोळा तास रस्त्यावर असते. तशा अकरा. काका, तुम्ही गाडीमागे दोनदा हाक मारता आणि तुमची हौस भागते. ती उठते कधी? झोपते कधी? पाय लांब करून झोपायचं होतं हो तिला."

मी बोलून गेले आणि बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. काकांचा चेहरा असा झाला की तसा मी पुन्हा कोणाचा बघू नये. त्यांचे ते सुपाएवढे हात हळूहळू खाली गेले आणि स्वतःच्याच पिंढऱ्या चाचपायला लागले.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही निघालो. माझी पिकअप माझ्या हातातली, म्हणून ती यार्डात उभी केली आणि शेवटी ठेवली. बोरिवलीला आइस्क्रीमवाल्याची थंड ट्रॉली होती, चेंबूरला फिरत्या संडासांची होती, कांदिवलीला एका देवस्थानाचा रथ होता. मालक सगळीकडे तेच म्हणायचा, कशाला हात लावताय, ब्रेक तर झकास आहे. काका कोणाशी वाद घालायचे नाहीत. आधी दार उघडून सीटकडे तोंड करून उभे राहायचे आणि मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणायचे, "जानक्या, उठ." मग थोडं थांबायचे. म्हातारं माणूस उतरताना बाजूला व्हावं तसे एक पाऊल मागे सरायचे. त्यानंतर आत वाकून जोड मारायला घ्यायचे. मालक किंवा ड्रायव्हर पेडल दाबायचा, दिवे लागायचे, आम्ही पुढच्या गाडीकडे.

वर्सोव्याला अल्पेशकडे होडी ओढायची ट्रॉली होती. वाळूत सुकट पसरलेली, भर बाराची वेळ. त्याची आजी कृष्णाबाई टोपली विणत बसली होती. तिला डोळ्यांनी नीटसं दिसत नाही, असं अल्पेश म्हणाला. काका जीपचं दार उघडून "उठ" म्हणाले आणि मागे सरले तशी म्हातारीची मान त्या दारापासून रस्त्यापर्यंत कोणाच्या तरी मागे मागे फिरत गेली.

मग ती काकांवर खेकसली, "आठ म्हयने त्या बायला उपाशी बसवलंस काय रं? हिरवं लुगडं कसं ढिलं झालंय बघ अंगावर."

काकीला हिरव्याच लुगड्यात नेली होती. काका वाळूत बसले. अल्पेशने पाणी आणून दिलं. त्या दिवशी आणखी कुठल्या गाडीकडे जायचं त्राण आमच्यात उरलं नव्हतं.

नऊ दिवसांत दहा गाड्या झाल्या. दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी, काका मुलुंडला माझ्या यार्डात आले. हातात पिशवी, पिशवीत पक्कड, टेप, टेस्ट लॅम्प. ते पिकअपजवळ गेले, दाराच्या कडीला हात लावला आणि परत आले. माझ्यासमोर खुर्चीवर बसले.

"ही एक राहू दे गो," ते म्हणाले. "दहांतून उठवली तिला. एकच राहिली. मी रोज येईन, एकदा हाक मारीन आणि जाईन. कोणाला त्रास नाही."

मला हो म्हणायचं होतं. माझे वडील गेले तेव्हा मी त्यांचा मोबाइल नंबर दोन वर्षं रिचार्ज करत होते, मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? पण ती गाडी रोज चालवणारी मी नव्हे.

"धोंडिरामला विचारा," मी म्हटलं.

धोंडिराम दारातच उभा होता. तो घाबरून नाही म्हणेल आणि आम्ही दोघं सुटू, असं मला वाटलं होतं. तो मान खाली घालून म्हणाला, "काका, माझी हरकत न्हाई. त्या बाईनं मला वाचवलंय. चालवीन मी."

झालं. आता अडवणारं कोणी राहिलं नाही. काकांचे डोळे भरून आले. ते धोंडिरामचा हात धरून, जवळजवळ हसतच म्हणाले, "बरं झालं बाबा, बरं झालं. उद्या कुठे आहे गाडी?"

"उद्या सकाळी सहाला अंधेरीत शूटिंग. तिथून संध्याकाळी भांडुप, लग्नाचा हॉल. परवा पहाटे पुन्हा असल्फा, दोन खेपा. मग बोरिवली..."

धोंडिराम भोळेपणाने सांगत गेला. आठवड्याचं सगळं काम त्याला पाठ असतं. एकेका ठिकाणाबरोबर काकांच्या चेहऱ्यावरचं हसू कमी होत गेलं. बुधवारपर्यंत येता येता त्यांनी त्याचा हात सोडला. पिशवी उचलली. पिकअपकडे गेले आणि या वेळी दार उघडलं.

"जानक्या," ते म्हणाले. मी आणि धोंडिराम लांब उभे होतो. यार्डात वारा नव्हता. सीट पुढे ओढलेली दिसत होती. "जानक्या, खूप झाला. उठ आता. शुभाक बसांदे."

ते एक पाऊल मागे सरले आणि तसेच थांबले. मला कोणी दिसलं नाही, पण धोंडिरामने चप्पल काढली आणि हात जोडले.

मग काका डॅशबोर्डखाली शिरले. मी टॉर्च धरला. पेडलजवळ हात जाईना. मनगट अडकायचं, बोटं सोलवटायची, वायर हातातून निसटायची. आधीच्या गाड्यांत कसाबसा हात गेला होता, ही सगळ्यांत अडचणीची. एका जोडाला पाऊण तास लागला. मधेच ते आतून म्हणाले, "ही कशी करायची गो हे?" मी टॉर्च आणखी आत धरला. बाहेर आले तेव्हा दोन बोटांतून रक्त येत होतं. ते विजारीला पुसून ते मागे गेले आणि ट्रॉलीच्या पाठीमागे जमिनीवर बसले.

मी सीटवर चढले. सीट मागे केली नाही, गुडघे अडत होते तरी. समोर पेडल. आरशातून काकांचं डोकं आणि एक खांदा दिसत होता.

"दाब."

मी दाबलं नाही.

आधीच्या दहा गाड्यांत लोकांनी हाकेसरशी पाय मारला होता. काकी खरंच उठली की नाही हे त्यामुळे कोणालाच कळलं नव्हतं. मला कळायला हवं होतं, आणि मला वाटतं त्यांनाही. मी दोन्ही पाय मागे घेतले आणि पेडलकडे बघत बसले. पेडल हललं नाही. पलीकडच्या भिंतीवर कावळाबिवळा काही नव्हता, ऊन होतं. यार्डात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आरशात काकांचं डोकं स्थिर होतं. ते दिव्याकडे बघत होते आणि दिवा लागत नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांचा आवाज आला. आरडाओरडा नाही, कटकट नाही.

"शुभा, दाब गो. आता तुलाच दाबायचंय."

मी पेडल दाबलं. साधं, घट्ट, रबराचं पेडल, माझ्या पायाखाली आणखी काही नव्हतं. मागे चाकांनी गुंऽ केलं आणि आरशात काकांचा सगळा चेहरा लाल झाला. "लागला," ते म्हणाले. मग दोन्ही हातांनी त्यांनी तोंड झाकून घेतलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी पाय रोवून पेडल धरून ठेवलं. माझी पिंढरी दुखायला लागली, मग भरून आली, मग थरथरायला लागली. त्यांनी सोड म्हटलं नव्हतं, म्हणून मी पाय काढला नाही.